गुडघा तिचा, नवस आमचा

सोयाबीनच्या मळणीचं भुसकट हवेत उडायला लागलं की माझं आधी नाक चोंदतं आणि मग डोकं फिरतं.

लातूरला आमच्या घरासमोर एका शाळेचं मैदान आहे आणि त्याच्या पलीकडं अजून थोडी शेतं शिल्लक आहेत. दसऱ्याच्या मागंपुढं तिथं मळणीयंत्र येऊन उभं राहतं. दिवसभर घरघर, आणि संध्याकाळी दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी घालता येत नाहीत. याच दिवसांत मैदानावर पोरं फक्की मारतात. पांढऱ्या पुडीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्हीकडं गोलच्या पुढं अर्धगोल. म्हणजे हॉकीच्या सामन्यांचा हंगाम आला. ऊन पिवळं पडतं, पहाटे चादर शोधावी लागते, हातगाड्यांवर झेंडू येतो. बायको म्हणते, "कसली छान हवा पडली बघा." मी खिडकीत उभा असतो आणि दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

राग येतो. सहा वर्षं झाली, दर वर्षी येतो. पहिली दोन-तीन वर्षं मी समजून होतो की तो लोकांचा येतो, त्यांच्या टाळ्यांचा, त्यांच्या आरत्यांचा. मग काही वर्षं तो देवीवर काढून पाहिला. देवीनं काही उत्तर दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं, तिचा काही संबंध नव्हता. मी मुळात बोलणारा माणूस नाही. चोवीस वर्षं शिट्टी वाजवून पोट भरलं. शिट्टीचं एक बरं असतं, तिला शब्द लागत नाहीत. पण यंदा लिहायचं आहे, आणि ते कुणी लिहायला लावलं तेही पुढं सांगतो.

नांदेडच्या एका कॉलेजात मी क्रीडाशिक्षक होतो. नांदेडात हॉकी कुणाला शिकवावी लागत नाही. गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या गल्ल्यांत दारामागं छत्रीशेजारी स्टिक उभी असते, आणि पोरं चालायला लागली की तीच धरून चालतात. शिवकन्या मात्र त्यांतली नव्हे. लोह्याजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. अकरावीला आमच्याकडं आली तेव्हा तिनं हॉकीची स्टिक फक्त फोटोत पाहिली होती. पहिल्या दिवशी तिनं ती विळ्यासारखी धरली.

"अगं, कापायचं नाही. ढकलायचंय."

"ढकलल्यानं लांब कसं जाईल, सर?"

आणि तिनं जे मारलं ते मैदानाच्या भिंतीवरून बाहेर, रस्त्यापलीकडच्या अन्वरभाईंच्या दुकानात. अन्वरभाई खेळाचे बूट शिवायचे, स्टिकला पट्टी गुंडाळून द्यायचे. चेंडू हातात घेऊन ते स्वतः आले. म्हणाले, "सर, कोणत्या पोरानं मारला? त्याला फुकटात पट्टी लावून देतो." मी शिवकन्याकडं बोट केलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिच्या पायांत प्लास्टिकच्या चपला होत्या. दुसऱ्या दिवशी ते तिच्यासाठी बूट घेऊन आले. त्या दिवसापासून तिला चाहता मिळाला, पहिला आणि माझ्या मते सगळ्यांत खरा.

पुढच्या चार वर्षांत भिंत भरत गेली. आमच्या मैदानाची कंपाउंडची भिंत छातीएवढी होती आणि सरावाच्या वेळी तिच्यावर माणसं बसायची. होस्टेलच्या मुली, वर्गातली पोरं, रिकामे रिक्षावाले, सुट्टीवर आलेला एखादा फौजी. मुलींच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या कांतामावशी पोळ्या टाकून, हाताचं पीठ तसंच घेऊन यायच्या. त्यांना फाउल-कॉर्नर काही कळायचं नाही. चेंडू गोलमागच्या लाकडी फळीवर आदळला की जो ठप् आवाज होतो तेवढाच त्यांना कळायचा, आणि तो मेसच्या अंगणात बसूनही त्या ओळखायच्या. "शिवूनं हाणला," म्हणायच्या. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

ते दिवस चांगले होते, हे लिहायला मला जड जातंय. रागाच्या माणसाला चांगल्या आठवणीची अडचण होते. पण होते. तिच्या शेवटच्या वर्षी, गणपतीच्या दिवसांत, सराव सामना चालू होता. पावसानं मैदानातला मुरूम कुठं धुऊन गेला होता, कुठं घट्ट बसला होता. तिनं डावीकडून आत वळण घेतलं. अंग वळलं, पाऊल तिथंच राहिलं. कुणी धक्का दिला नाही, कुणी आडवं आलं नाही. ती खाली बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी असा धरला, जसं काही कुणी तो काढून नेणार आहे.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला तपासणीला नेलं. ती बाहेर बाकावर होती, डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. त्यांनी पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर पेन टेकवलं. "हा दोर तुटलाय. लिगामेंट. आणि ही आतली गादी, ही कडेला फाटलीय. पण थोडी. आत्ता ऑपरेशन केलं तर दोर नवा बसवू आणि गादी शिवता येईल. आठ-नऊ महिने जातील, मग खेळू दे. तोवर मैदान नाही, जिने चढणं-उतरणं नाही. गुडघा एकदा निसटला तर गादी जाईल. मग शिवायला काही उरणार नाही." पेन खिशात ठेवत म्हणाले, "घरच्यांना बोलवा, मी समजावून सांगतो. रिपोर्ट तुमच्या फोनवर पाठवतो."

मी हो म्हणालो.

तिच्या वडिलांकडं साधा बटणाचा फोन होता. म्हणून रिपोर्ट माझ्या फोनवर आला. किती साधं कारण.

त्या संध्याकाळी मी होस्टेलवर सांगायलाच गेलो होतो, हे मी शपथेवर सांगतो आणि त्या शपथेची किंमत काय तेही मला माहीत आहे. गणपतीसमोर आरती नुकतीच झाली होती. शिवकन्या खुर्चीत, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, आणि तिच्याभोवती सगळं होस्टेल. कांतामावशींनी माझ्या तोंडात अख्खा मोदक कोंबला. कॉलेजातला गणेश म्हणून एक पोरगा होता, त्यानं दुपारीच व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला होता, 'शिवकन्या परत येणार'. तो फोन माझ्या तोंडापुढं धरून म्हणाला, "सर, रेकॉर्ड करून राहिलो. बोला, काय म्हणले डॉक्टर?"

सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या. तीही बघत होती. तोंडात मोदक.

"सूज आहे," मी म्हणालो. "उतरेल."

टाळ्या पडल्या. तेवढ्याच तीन शब्दांवर पुढचा महिना उभा राहिला.

आता कारण. कारण सांगताना माणसं भिडस्तपणा पुढं करतात, मीही सहा वर्षं स्वतःशी तेच पुढं केलं. की लोकांच्या आनंदावर विरजण कसं घालायचं, गणपतीत वाईट कसं बोलायचं. ते खोटं आहे. खरं असं की दिवाळीनंतर लातूरला विद्यापीठाच्या संघाची निवडचाचणी होती, आणि माझ्या बावीस वर्षांत माझ्या कॉलेजातली एकही मुलगी त्या संघात गेली नव्हती. दर वर्षी यादी लागायची आणि मी ती वाचून दुसऱ्या कॉलेजच्या सरांचं अभिनंदन करायचो. शिवकन्या जाणार होती, डोळे झाकून जाणार होती. ऑपरेशन म्हणजे ते वर्ष गेलं, आणि तिचं कॉलेजातलं ते शेवटचं वर्ष. मी मनात हिशेब मांडला. मांडीत ताकद आणली की गुडघा धरून ठेवतो, अशी उदाहरणं मी ऐकून होतो. आधी खेळून घेऊ. मग ऑपरेशन करू. 'करू' म्हणे. गुडघा कुणाचा, आणि करू म्हणणारा कोण.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला जागेवरची सायकल मारायला लावली. सूज खरंच उतरली. सूज उतरतेच, आत काहीही असलं तरी ती आपल्या वेळेनं उतरते. आठ-दहा दिवसांत ती न लंगडता चालायला लागली आणि ग्रुपवर तिच्या चालण्याचा व्हिडिओ फिरला, मागं ढोलाचा आवाज टाकून. 'वाघीण येतेय.' 'पॉझिटिव्ह राहा.' 'शिवकन्या, तू करू शकतेस.' आजही कुणी मला पॉझिटिव्ह राहा म्हणालं की माझे कान तापतात. कुणालाही तिचा पाय कसा आहे हे माहीत करून घ्यायचं नव्हतं, सगळ्यांना तो बरा हवा होता. तिला कुणी 'दुखतं का' विचारायचं नाही, 'कमी झालं ना' विचारायचं. तीही 'हाव' म्हणायची. दुसरं काय म्हणेल? इतक्या लोकांचं प्रेम अंगावर आलेलं एकवीस वर्षांचं पोर, त्याला न्हाई म्हणायला कुणी शिकवलंय?

एकट्या अन्वरभाईंनी विचारलं. मी त्यांच्या दुकानापुढून जात होतो, त्यांनी आरी थांबवली.

"सर, आतला फोटो काढला म्हणं. काय निघालं?"

"सूज."

"मी चाळीस वर्षं खेळाडूंचे बूट बघून राहिलो. बूट बघितला की पाय कळतो. पोरीचा डावा बूट आतून घासला जायचा, आता बाहेरून घासायला लागला. ती पाय चोरून टाकते. सूज म्हणता?"

"डॉक्टरांनी तेच सांगितलं, अन्वरभाई."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग तुमचा शब्द," म्हणाले आणि आरी चालू केली. मला वाटतं त्यांना कळलं होतं. पण कॉलेजच्या सरांना खोटं म्हणायची रीत नव्हती त्यांच्याकडं, जुन्या वळणाचा माणूस.

घट बसले. आणि मग नवसाचं निघालं.

कांतामावशींनी शिवकन्या पडली त्याच रात्री माहूरच्या रेणुकेला नवस बोलला होता. पोरीचा पाय बरा होऊ दे, ती स्वतः तुझ्या पायऱ्या चढून येईल, आपली स्टिक तुझ्या पायांशी ठेवील. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवस कुणीही बोलावा, फेडायचा मात्र त्यानं, ज्याच्यासाठी बोलला. आणि गुण आला की रखडवायचा नाही. रखडवला तर देवी दिलेलं परत घेते. आता गुण आला होता. व्हिडिओ होता ना, ढोलासकट. आणि निवडचाचणीच्या आधी नवस अंगावर ठेवून कसं चालेल? ग्रुपवर दोन दिवसांत ठरलं, आठव्या माळेला माहूर. दोन क्रूझर गाड्या. होस्टेलच्या मुली, गणेश आणि मंडळी, मावशी. "सर तर पायजेतच," मावशी म्हणाल्या. "सरांच्या हातानं नारळ."

मी गेलो. नांदेड सोडल्यापासून मी खिडकीशी बसलो होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून पडलेलं, मळणीचा धुरळा गाडीत येत होता आणि मागं पोरी गाणी म्हणत होत्या. शिवकन्या माझ्या पुढच्या सीटवर. तिनं स्टिकला नवी पट्टी लावली होती, लाल. रस्ताभर ती एका हातानं गुडघा दाबत होती, इतकं सहज की तिच्या स्वतःच्याही लक्षात नसावं. मी ते सबंध रस्ता पाहिलं.

पायथ्याशी ही गर्दी. हळदीकुंकवाची दुकानं, नारळ, कुटलेल्या तांबुलाचा वास. डोलीवाले बाजूला उभे होते, म्हाताऱ्या माणसांना हाका मारत. मी कांतामावशींच्या जवळ जाऊन म्हणालो, "डोली करू या का तिला?" किती हळू म्हणालो असेन, तर मावशींना दोनदा विचारावं लागलं.

"काय म्हणलात?"

"डोली. तेवढंच पायाला..."

त्या हसल्या. "सर, डोलीत बसून नवस फेडत न्हाईत. मग तर मीच आले असते की डोलीत." पोरीही हसल्या. शिवकन्या म्हणाली, "मी चढते की, सर. तुमीच दमताल." मी हसलो. मला अजून आठवतं मी हसलो ते. रिपोर्ट माझ्या खिशात होता, फोनात, छातीपासून चार बोटांवर, आणि मी हसलो.

चढताना काही झालं नाही. चढताना गुडघा धरून ठेवतो, उतरताना सोडतो, हे मी बावीस वर्षं पोरांना शिकवलेलं. वर दर्शन झालं, स्टिक देवीपुढं ठेवून परत घेतली, तांबूल खाल्ला, गणेशनं फोटो काढले. उतरायला लागलो. मध्यावर कुठंतरी, ती माझ्या दोन पायऱ्या पुढं होती, एका म्हाताऱ्या बाईला वाट द्यायला ती जराशी वळली. बस. तेवढंच वळण. ती खाली बसली. लोकांना वाटलं दम खायला बसली. गणेश म्हणाला, "दीदी, तशाच बसा, उजेड लई भारी हाय," आणि फोटो काढला. त्या फोटोत ती कॅमेऱ्याकडं बघत नाही. माझ्याकडं बघतेय.

"सर, सरळ होत न्हाई."

गुडघा वाकलेला तसाच अडकला होता. मी खाली वाकून हात लावला आणि मला सगळं कळलं. आणि मग आजूबाजूची तोंडं वर, खाली, चारी बाजूंनी माझ्याकडं वळली तेव्हा मी जे बोललो ते या सगळ्या लिखाणातलं सगळ्यांत घाणेरडं वाक्य आहे.

मी म्हणालो, "कालपर्यंत तर ठीक होता."

आता डोली मिळाली.

पुढचं थोडक्यात. तेच डॉक्टर. वडील लोह्याहून आले, मळके कपडे, कानशिलावर भुसकट. त्यांनी कागदावर सही केली आणि मला म्हणाले, "सर, तुमी हाईत म्हणून बरंय." डॉक्टर व्हरांड्यात मला म्हणाले, "मी सांगितलं होतं ना?" मी मान हलवली. त्यांना वाटलं मी घरच्यांना सांगितलं होतं आणि घरच्यांनी ऐकलं नाही. अशा घरांची त्यांना सवय असावी. गादी फाटून दुमडली होती, काढून टाकावी लागली. ती पुन्हा खेळली नाही.

मला वाटलं होतं निदान इथं तरी संपेल. पण इतक्या माणसांची आशा अशी हवेत विरत नाही. ती कुठं तरी जाऊन बसावी लागते. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'देवीच्या दारात असं झालंच कसं? काहीतरी चुकलं असणार.' खाली तीस-चाळीस हात जोडलेले. मग चुकलं काय ते शोधणं सुरू झालं. नारळ नीट फुटला नव्हता का? स्टिक देवीपुढून परत का उचलली? आणि मग एका रात्री, कुणी ते मी सांगत नाही, मुलगीच होती, 'शिवूचे ते दिवस नुकतेच होऊन गेले होते म्हणे.' लगेच खाली, 'बापरे.' 'सोवळं पाळायला पाहिजे होतं.' 'तरीच.'

हे 'तरीच' मी वाचलं. त्या क्षणी मी त्या ग्रुपवर एक कागद टाकला असता, नुसता तारखेसकट तो कागद, तर तिथल्या तिथं संपलं असतं. दोर तुटला तो गणपतीत. माहूरला जायच्या महिनाभर आधी. देवीचा काही दोष नाही, पोरीचा काही दोष नाही, तिच्या अंगाचा काही दोष नाही. माझं बोट त्या कागदावर होतं. मग मी ग्रुप सोडला. 'सर लेफ्ट.' लोकांना वाटलं सरांना दुःख झालं.

दोन वर्षांनी नोकरी सोडून मी लातूरला आलो. ज्या शहरात ती निवडचाचणी व्हायची होती त्याच शहरात. मुलाची नोकरी इथं म्हणून, दुसरं कारण नाही. घर मैदानासमोर मिळालं, तेही योगायोगानंच, आणि आता मला योगायोगाचासुद्धा राग येतो.

यंदा फक्की पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी मैदानावर शाळेच्या मुलींचे सामने होते. मी खिडकीत. एका संघाबरोबर एक बाई आली होती, गळ्यात शिट्टी, डावा पाय चालताना थोडा बाहेरून फिरवून टाकणारी. तिनं वर पाहिलं.

"सर? तुमी हितं राहता?"

शिवकन्या घरी आली. शिरूर अनंतपाळला एका शाळेत खेळ शिकवते, लग्न झालेलं नाही. बायकोनं सतरंजी घातली तर म्हणाली, "मला खुर्चीच द्या, काकू." आणि मग हसत हसत इकडचं तिकडचं. अन्वरभाईंचं दुकान आता त्यांचा नातू बघतो. कांतामावशींचे डोळे गेले. मी विचारलं, "घरी जातेस ना?"

"जाते की. दिवाळीला, पोळ्याला." चहात बिस्कीट बुडवत, जसं हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली, "देवघरात तेवढं जात न्हाई. आईला आवडत न्हाई. प्रसाद ती बाहेर आणून देती."

"का?"

"माहूरचं, सर. त्या वक्ताला आईनं तारीख इचारली, मी खरी सांगितली. चौथा दिवस होता. पाचवा पायजे होता म्हणं. आई म्हणती, एका दिवसानं घात केला." तिनं बिस्कीट तोंडात टाकलं. "दोन ठिकाणची सोयरीक पण त्याच्यावरूनच मोडली. जाऊ द्या."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बाहेर पोरी ओरडत होत्या. मी म्हणालो, "दोर आधीच तुटला होता." आणि मग सगळं सांगितलं. किती वेळ लागला असेल? तीन-चार मिनिटं. सहा वर्षं जे अंगावर घेऊन फिरलो ते तीन-चार मिनिटांचं होतं.

तिनं कप खाली ठेवला.

"महिनाभर तुमच्या फोनात होतं?"

"हो."

"आन् तुमी मला रोज सायकल मारायला लावली."

"मांडीत ताकद आली की चालून जाईल, असं वाटलं होतं."

"कुणाला?"

"मला."

"ऑपरेशन तवाच झालं असतं तर खेळले असते?"

मी खोटं बोलू शकलो असतो, अजून एकदा. म्हणालो, "खेळली असतीस."

तिनं आपल्या गुडघ्याकडं बघितलं. रडली नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला, पंच खेळ थांबवतो तसा. "मला सांगून काय उपयोग, सर? मी काही केलं न्हाई ते मला आधीपासूनच माहीत हाय. आईला सांगा. आन् त्या सगळ्यांना सांगा. तोंडानं न्हाई, तोंडी तुमी पुन्हा फिरताल. लिहा. गावात जा, नांदेडात छापा, काय करायचं ते करा." दारात बूट घालताना म्हणाली, "माझं नाव टाकलं तरी चालतंय. सहा वर्षं तसंही तेच चाललंय की."

म्हणून हे लिहितोय. पण आधी तिच्या गावी गेलो, कारण तिच्या आईला वाचता येत नाही.

रविवारी सकाळी लोह्याला उतरलो, तिथून काळीपिवळी. शिवकन्याची आई अंगणात तीळ पाखडत बसली होती. ओळखलं तिनं. डोक्यावर पदर ओढून उठली, "सर, या, बसा," म्हणत घोंगडी टाकली, चहाला आत निघाली. मी म्हणालो, "बाई, चहा नंतर. आधी ऐका." आणि उभ्या उभ्याच सांगितलं. या वेळी मोठ्यानं. फोनात तो रिपोर्ट अजून आहे, तारीख दाखवली. तिला अंक कळत होते. तिनं बोट ठेवून वाचली तारीख, मग महिना. मग बोटांवर काहीतरी मोजलं, गणपती, घट, आठवी माळ. पुन्हा मोजलं.

"म्हणजे माहूरच्या आधी."

"महिनाभर आधी."

"मंग तिचे दिवस..."

"त्याचा काही संबंध नव्हता. काहीच नव्हता, बाई."

ती सुपाजवळ खाली बसली. सूप मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. तिळात बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "मी माझ्या लेकीला सहा वर्षं देवापुढं जाऊ दिलं न्हाई, सर. एकदा ताप आल्ता तिला, दिवाळीत. आरतीचा आवाज आला म्हणून उठून दारापर्यंत आली. मी हिकडून वरडले तिच्यावर. तशीच माघारी गेली." बोटांना चिकटलेले तीळ तिनं सुपात झटकले. "तुमाला कशापायी पायजे होतं वो ते? काय भेटलं आसतं तुमाला?"

यादीत कॉलेजचं नाव. मी हे तिला कसं सांगणार होतो? पण ठरवून आलो होतो, सांगितलं. तिला कळायला थोडा वेळ लागला, दोनदा समजावून सांगावं लागलं, की एक कागद असतो, तो भिंतीला चिकटवतात, त्यावर नावं असतात. "मंग?" ती म्हणाली. "मंग काय होतं?" मी म्हणालो, काही नाही. तेवढंच होतं.

तिनं मान हलवली, एखाद्या लांबच्या माणसाचं काहीतरी ऐकल्यासारखी. मग कमरेचा फोन काढून माझ्यापुढं धरला. "लावून द्या तिला."

मी शिवकन्याचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. रिंग वाजत होती ती मलाही ऐकू येत होती. बरीच वाजली. मग तिकडून "हां, आई," आला.

"शिवू," आई म्हणाली आणि थांबली. पदर तोंडाला लावला, काढला. "उद्याची सुटी काढ. आज ये. न्हाई, कुणाला काही झालं न्हाई. तू ये. आल्यावर देवापुढचा दिवा तू लाव." तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आई नुसती "हाव... हाव" म्हणत होती.

ठेवल्यावर तिनं तोंड पुसलं आणि सूप उचललं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "चारच्या गाडीनं यायलीय. तुमी त्याच्या आधी निघा, सर. ती येईल तवा तुमी हितं नका थांबू."

मी निघालो.